तिसऱ्या मजल्याची लोकशाही

मी आयुष्यात एकच निवडणूक लढवली. ती एका मताने हरलो, आणि ते एक मत माझ्या बायकोचे होते.

ही गोष्ट बँकेत सांगितली तेव्हा आमचा कॅशियर हातातले बंडल मोजता मोजता आकडा विसरला. त्याला ते पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले, यावरून बातमीचे वजन लक्षात यावे. "वहिनींचा तुमच्यावर राग आहे का हो?" त्याने हळूच विचारले. राग असता तर बरे झाले असते. रागाला इलाज असतो. साडी असते, सिनेमा असतो, निदान बाहेर जेवायला जाणे असते. पण हिने मला मत दिले नाही ते पूर्ण विचार करून, तत्त्वाला धरून. अशा बायकोपुढे नवऱ्याने करायचे काय?

पण हे पहिल्यापासून सांगायला हवे, आणि आमच्याकडे पहिल्यापासून म्हणजे पाण्यापासून.

आमची सोसायटी पुण्यात आहे. पुण्यात नेमकी कुठे ते सांगत नाही, कारण नाव सांगितले की जुना पुणेकर "म्हणजे गावाबाहेरच की!" म्हणतो. तीन विंगा आहेत. अ विंगेत ३२ बिऱ्हाडे, ब मध्ये १६ आणि क मध्ये १२, अशी एकूण ६०. प्रत्येक विंग तळमजला धरून चार मजली. लिफ्ट नाही. गच्चीवर टाक्या आहेत. मी अ विंगेत तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे टाकीच्या बरोबर खाली राहतो. टाकी माझ्या डोक्यावर आणि डोळ्यांत पाणी, नळाला मात्र नाही.

तळमजल्यावरच्या अप्पांना हे कधीच पटले नाही. "अहो, पाणी वरून खाली येतं ना? मग पहिलं तुम्हालाच मिळणार! आम्हाला मिळतं ते तुमचं उरलेलं," असे ते मला गेली नऊ वर्षे समजावून सांगत आहेत. आता पाण्याचा जोर टाकीपासून नळ किती खाली आहे त्यावर ठरतो. तिसऱ्या मजल्याला टाकी हाताच्या अंतरावर, म्हणून जोर नाही. खालच्या तीन मजल्यांनी नळ सोडले, की पाणी आमच्या दारावरून एक्स्प्रेस गाडी बारक्या स्टेशनवरून जावी तसे न थांबता निघून जाते. आम्ही प्लॅटफॉर्मवर बादल्या घेऊन उभे.

तक्रार करायला पाणी समिती होती. तीन विंगांचे तीन सभासद, प्रत्येक विंगेने आपापला निवडलेला. रचना अगदी निर्दोष. पण हिशेब बघा. प्रत्येक मजल्यावर अ विंगेत ८, ब मध्ये ४ आणि क मध्ये ३ घरे. म्हणजे तिसऱ्या मजल्याची घरे १५, साठांतली चौथा हिस्सा. मात्र अ विंगेत आम्ही बत्तिसांतले आठ, ब मध्ये सोळांतले चार, क मध्ये बारांतले तीन. प्रत्येक विंगेत खालचे तीन मजले पाण्याने तृप्त आणि बहुमतात. त्यामुळे समितीत दर वर्षी तीन तृप्त माणसे निवडून यायची, दहा मिनिटांत सभा उरकायची, आणि 'पाणीपुरवठा समाधानकारक आहे' असा ठराव एकमताने व्हायचा.

मला याचे फार वाईट वाटत असे, असे सांगितले तर ते खोटे ठरेल. बँकेतल्या माणसाला गैरसोयीची सवय असते. रोज पहाटे साडेचारला उठून दोन पिंपे भरली की माझे भागत होते. वाईट वाटायचे ते समोरच्या क विंगेतल्या काकूंचे. वय चौऱ्याहत्तर, मुलगा परगावी, घरात एकट्या. त्या रोज सकाळी पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेऊन खाली यायच्या, वॉचमनच्या नळावर भरायच्या आणि वर चढायच्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दोन्ही कॅन खाली ठेवून थोडा वेळ भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. मी गॅलरीत दात घासत हे पाहायचो. मनात यायचे, की पळत जावे आणि कॅन उचलावेत. पण तोंडात पेस्ट असायची. रोज काही ना काही असायचेच.

अशा वेळी आमच्या सोसायटीत सरांनी क्रांती केली. सर म्हणजे ब विंगेतल्या दुसऱ्या मजल्यावरचे, गणिताचे निवृत्त शिक्षक. वार्षिक सभेत 'आयत्या वेळचे विषय' आल्यावर, म्हणजे सगळ्यांचे लक्ष सामोशांच्या खोक्याकडे लागल्यावर, सर उठले आणि म्हणाले, "पाणी समितीची निवडणूक पद्धत सदोष आहे. पंचवीस टक्के मतदार, आणि प्रतिनिधी शून्य! आपल्याला प्रमाणशीर प्रतिनिधित्व हवं. एकल संक्रमणीय मतानं."

'संक्रमणीय' हा शब्द ऐकून पहिल्या ओळीतल्या दोन बायकांनी तोंडाला पदर लावला.

"हा शब्द मी नाही केलेला," सर म्हणाले. "घटनेतला आहे. राष्ट्रपती याच पद्धतीनं निवडले जातात. राज्यसभेचे खासदारही."

मग सरांनी पिशवीतून वही काढली. वर्गात आता सुटका नाही हे आम्ही ओळखले. सरांनी सांगितले, की आपली लोकसभेची पद्धत म्हणजे ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी. मग ती मते निम्मी असोत की पाव. याचा परिणाम काय? १९८४ साली काँग्रेसला साधारण ४९ टक्के मते मिळाली आणि जागा चारशेच्या वर. २०१४ साली भारतीय जनता पक्षाला ३१ टक्के मते आणि ५४३ पैकी २८२ जागा. त्याच निवडणुकीत बहुजन समाज पक्षाला देशभरात दोन कोटींहून जास्त मते पडली. मतांच्या टक्केवारीत पक्ष तिसरा, आणि जागा?

"किती?" वॉचमनने विचारले. तो खोके धरून उभा होता.

"शून्य! एकट्या उत्तर प्रदेशात सुमारे वीस टक्के मतं आणि ८० जागांपैकी एकही नाही. का? मतं सगळीकडे पसरलेली. जसा आपला तिसरा मजला." सरांनी माझ्याकडे बोट दाखवले. अखिल भारतीय पातळीच्या प्रश्नाशी माझ्या दोन पिंपांचे नाते आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. मी जरा ताठ बसलो. "आणि आपल्याला ही पद्धत ज्यांनी दिली त्या इंग्रजांकडेही तीच तऱ्हा. २०२४ साली तिथल्या मजूर पक्षाला ३४ टक्क्यांच्या आत मतं, आणि ६५० पैकी चारशेच्या वर जागा!"

अप्पा उभे राहिले. अप्पा तळमजल्यावर राहत असले तरी त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. चाळीस वर्षे सरकारी खात्यात काढलेला माणूस आहे, वाचन दांडगे. "सर, घटनेतलं तुम्ही सांगितलंत, आता मी सांगतो. जानेवारी १९४९ मध्ये घटना समितीत हाच विषय निघाला होता. काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर पद्धतीची सूचना मांडली. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. का? एक, या पद्धतीला साक्षर मतदार लागतो. दोन, देशाला स्थिर सरकार हवं; तुकड्यातुकड्यांची सभा होऊन चालत नाही."

"आणि ज्या घटना समितीत हे झालं," सर शांतपणे म्हणाले, "तिचे प्रांतांतून आलेले सभासद १९४६ साली याच प्रमाणशीर पद्धतीनं निवडले होते."

टाळ्या कोणासाठी वाजवायच्या ते न कळल्यामुळे आम्ही दोघांसाठीही वाजवल्या.

"ते निवडणारे आमदार होते. सामान्य मतदाराचं काय?" अप्पांनी सोडले नाही. "बेल्जियममध्ये प्रमाणशीर पद्धत आहे. २०१० च्या निवडणुकीनंतर सरकार बनायला ५४१ दिवस लागले. इस्राएलात सगळा देश मिळून एकच मतदारसंघ, १२० सभासद. २०१९ ते २०२२ या चार वर्षांत पाच निवडणुका झाल्या! आणि मला सांगा, सगळ्या देशाचा मतदारसंघ एक, तर आमच्या दारातलं गटार तुंबलं की जायचं कोणाकडे? एकशेवीस जणांकडे?"

हा मुद्दा मात्र सभेला भिडला. गटार हा विषय आमच्याकडे कोणालाही कळतो. त्यात २०१७ च्या महापालिका निवडणुकीत आमच्या प्रभागाला एकदम चार नगरसेवक मिळाले होते. गटाराची तक्रार घेऊन मी पहिल्याकडे गेलो, तर तो म्हणाला, ते रस्त्यावर आहे, रस्ते दुसरे बघतात. दुसरा म्हणाला, सांडपाणी तिसऱ्या ताईंकडे. ताई म्हणाल्या, मी नवीन आहे, चौथ्या भाऊंना विचारा. चौथे भाऊ वाढदिवसाच्या फ्लेक्सवर होते, प्रत्यक्षात नव्हते. पुढे २०२२ मध्ये सगळ्यांची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि प्रशासक आले. चार होते तेव्हा कोणाकडे जायचे हा प्रश्न होता. एकही उरला नाही तेव्हा तो प्रश्न आपोआप सुटला. गटार तिथेच होते.

"चार नगरसेवक म्हणजे प्रमाणशीर नव्हे," सर कळवळून म्हणाले. "त्यात चारही जागांना वेगवेगळं मतदान. ज्याचा जोर तो चारही नेऊ शकतो. प्रमाण नाही ते नाहीच, आणि आपला माणूस कोण तेही कळत नाही. दोन्ही पद्धतींतला वाईट तेवढा भाग उचललाय!"

शेवटी सामोसे गार व्हायला लागले तेव्हा तोड निघाली. एक वर्ष सरांच्या पद्धतीने करून बघायचे. पाच जणांची समिती, सगळी सोसायटी मिळून एक मतदारसंघ, घरटी एक मत. मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहायचा: १, २, ३, असा.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. पसंतीक्रमाचे मतदान मला नवे नव्हते. मी बी.कॉम. असल्यामुळे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात माझे नाव आहे, आणि २०२० साली मी मोठ्या ऐटीत मत द्यायला गेलो होतो. तिथे खूण करायला जांभळे स्केचपेन देतात. त्यानेच आकडा घालायचा. मतपत्रिका आमच्या जेवणाच्या टेबलाएवढी. मी एका नावापुढे १ घातला. मग वाटले, हा नको, तो बरा. मी तो १ खोडला, दुसऱ्यापुढे घातला, आणि वीस वर्षांच्या सवयीने खाडाखोडीशेजारी माझी सही ठोकली. बँकेत दुरुस्तीवर सही नसेल तर व्हाउचर बाद होते. तिथे मतदार ओळखू येईल अशी कुठलीही खूण असली की मत बाद होते, हे मला पेटीत टाकल्यावर आठवले. या निवडणुकीत दर वेळी हजारो मते बाद होतात आणि मतदार सगळे पदवीधर. साक्षर मतदार लागतो असे म्हणणाऱ्या बाबासाहेबांना, साक्षराच्या हाताला बँकेची सवय लागली तर काय होते, याची कल्पना कुठून असणार?

उमेदवार सात झाले. तळमजल्यावरून अप्पा, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांवरून दोन-दोन, आणि तिसऱ्या मजल्यावरून मी. काकूंनीही अर्ज भरला, म्हणजे हिने त्यांच्याकडून भरून घेतला. मला वाटले, बायकी औदार्य. काकूंना दोन-तीन मते पडतील, बरे वाटेल बिचारीला. आमचा फ्लॅट हिच्या नावावर असल्याने मत हिचे होते (कर्ज माझ्या नावावर आहे). मत कोणाला, हे विचारायची मला गरजही वाटली नाही. पंधरा वर्षांच्या संसारात माणूस काही गोष्टी गृहीत धरतो.

मतमोजणी रविवारी रात्री जेवणे झाल्यावर पार्किंगमध्ये झाली. सरांनी आधी कोटा काढला. जागा पाच, म्हणून मतांना सहाने भागायचे आणि एक मिळवायचा. ६० भागिले ६ म्हणजे १०, अधिक १ म्हणजे ११. ज्याला अकरा मते तो आला. "अकराच का?" कोणीतरी विचारले. "कारण अकरा मतं पाच जणांनाच मिळू शकतात. सहा जणांना मिळायला सहासष्ट लागतील," सर म्हणाले. हे इतके सोपे निघाले की सभेत थोडी निराशाच पसरली.

अप्पांना तळमजल्याची पंधराच्या पंधरा मते पडली. पहिल्या मजल्यावरचे योगासनवाले तेरा मतांनी आले, दुसऱ्या मजल्यावरच्या बाई बारा मतांनी. मग सर म्हणाले, "आता अप्पांची चार मतं जादा झाली. ती वाया जाऊ द्यायची नाहीत. पंधराही मतपत्रिका दुसऱ्या पसंतीला द्यायच्या. पण प्रत्येकीची किंमत चार भागिले पंधरा, म्हणजे शून्य पॉइंट दोन सहा सात."

मी उडालोच. केंद्र सरकारने २०११ साली पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून काढून टाकली. आमच्या पार्किंगमध्ये मात्र एकेका मताचे सव्वीस पैसे आणि वर थोडी चिल्लर असा हिशेब सुरू झाला. राज्यसभेच्या मोजणीत मताची किंमत शंभर धरतात, ते याचसाठी, असे सरांनी सांगितले. तिथे शंभर पैशांचा रुपया करून अपूर्णांकांचा त्रास कमी करतात. आम्ही साधे लोक, दशांश चिन्हांत अडकलो. एकदा बेरीज ५९.९९ आली. बँकेत अशी तफावत निघाली तर कोणी घरी जात नाही. मी सवयीने पाकिटातून एक पैसा भरायला निघालो होतो, सर रागावले.

शिलकी मतांचे तुकडे जमवत पहिल्या मजल्यावरचा एक कॉल सेंटरवाला तरुण वर आला आणि नऊच्या आसपास थांबला. उरलो काकू आणि मी. जागा दोन, माणसे तीन. सरांनी फळ्यावर लिहिले: काकू ८. आणि माझ्या नावापुढे: ७.

अ विंगेच्या तिसऱ्या मजल्यावर घरे आठ. माझ्या गठ्ठ्यात मते सात. ब आणि क विंगांतली तिसऱ्या मजल्याची सात मते काकूंना. मग काकूंचे आठवे मत कुठले? मी बेरीज करायचा धंदा करतो. मला बोटे मोजावी लागली नाहीत. मी हिच्याकडे पाहिले. ही पदराचे टोक निरखत होती.

"दुसरी पसंती तुम्हालाच दिलीय," ती हळूच म्हणाली. "सरांनी सांगितलंय, मत वाया जात नाही म्हणून."

मी सर्वांत खाली म्हणून बाद झालो. माझी सातही मते माझ्या डोळ्यांदेखत काकूंच्या खात्यावर ट्रान्स्फर झाली. त्यांची झाली पंधरा, कोटा ओलांडून चार वर. ट्रान्स्फरची व्हाउचरे मी रोज पास करतो, पण स्वतःच व्हाउचर व्हायची वेळ पहिलीच. एवढ्यात वरून धो धो आवाज आला. मोजणीत रंगून गेलेला वॉचमन पंप बंद करायचा विसरला होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिसऱ्या मजल्याला भरपूर पाणी मिळाले. फक्त ते भिंतीच्या बाहेरून वाहत होते.

नवी समिती बसली, आणि अप्पांचे म्हणणे खरे ठरायला लागले. पूर्वी दहा मिनिटांत चुकीचा निर्णय व्हायचा. आता तीन-तीन तास कुठलाच होईना. योगासनवाल्यांना पाणी पहाटे हवे, कॉल सेंटरवाल्याला रात्री दोनला, बाईंना कामवालीच्या वेळेला. काकूंना कधीही चालत होते, पण कधी तरी हवे होते. पंधरा दिवसांत चार सभा आणि ठराव एकच: पुढच्या सभेची तारीख. तशात ब विंगेच्या मुख्य पाइपाचा जोड गळू लागला. ब विंगवाल्यांनी मते मजला बघून दिली होती, त्यामुळे पाचांत ब विंगेचा एकही माणूस नव्हता. ते पाचांकडेही गेले. प्रत्येक जण म्हणाला, "बघतो." पाणी आठ दिवस वाहत होते. "आता सांगा सर," अप्पा पार्किंगमध्ये गरजले, "ब विंगेचा माणूस कोण?" सर स्वतः ब विंगेतले. ते खाली मान घालून गळणाऱ्या जोडाखाली बादली ठेवायला गेले.

पाचवी सभा काकूंनी आपल्या घरी बोलावली, सकाळी आठला. मी 'निमंत्रित' म्हणून गेलो, म्हणजे हिने पाठवले. अप्पा तीन जिने चढून आले आणि दारातल्या खुर्चीत कोसळले. "काकू, जरा चहा टाका बुवा."

"टाकते की," काकू म्हणाल्या, आणि दोन कॅन त्यांच्यापुढे ठेवले. "पाणी तेवढं खालून आणा. मला आताच एक खेप झालीय."

खोलीत कोणी बोलेना. काकूंच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर अप्पांनी परतवला असता. त्यांनी कॅन उचलले. मीही उठलो. या वेळी माझ्या तोंडात पेस्ट नव्हती. आम्ही दोघे खाली गेलो, वॉचमनच्या नळावर कॅन भरले आणि वर चढू लागलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अप्पांनी कॅन खाली ठेवला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. बरोबर त्याच जागी. भिंतीचा रंग तिथे खांद्याच्या उंचीवर थोडा उडाला होता. अप्पा त्या डागाकडे बराच वेळ पाहत राहिले. "रोज?" त्यांनी विचारले. मी मान हलवली.

त्या दिवशी ठराव झाला: तिन्ही विंगांत तिसऱ्या मजल्याला टाकीतून स्वतंत्र पाइप. सूचक काकू, अनुमोदक अप्पा. नऊ वर्षांत जे झाले नाही ते चहाच्या एका आधणात झाले.

पण ठराव म्हणजे पाइप नव्हे. अ विंगेत अप्पा स्वतः प्लंबरच्या डोक्यावर उभे राहिले, क मध्ये काकू. ब मध्ये कोणीच नाही. प्लंबरने दोन दिवस भलतीच भिंत फोडली. कुठली लाइन कुठून गेली आहे हे ब विंगेच्या जुन्या सभासदाला झोपेत सांगता आले असते. पण तो तळमजल्यावरचा, समितीतून गेलेला, आणि त्यामुळे रुसलेला.

संध्याकाळी सर आणि अप्पा त्या फुटक्या भिंतीसमोर उभे होते. दोघांनाही आपापली बाजू सोडायची नव्हती आणि दोघांनाही समोरच्याचे पटत होते. यापेक्षा अवघड अवस्था नाही. तेव्हा वॉचमन पुढे आला. तो नेपाळचा.

"साब, हमारे गाँव में दो वोट होते हैं," तो म्हणाला. "एक कागज पे अपने इलाके का आदमी. दूसरे कागज पे पार्टी."

सरांचा चेहरा उजळला. त्यांनी ताबडतोब सांगितले, की नेपाळच्या २०१५ च्या घटनेप्रमाणे तिथल्या प्रतिनिधी सभेत १६५ जण मतदारसंघांतून थेट येतात आणि ११० प्रमाणशीर. न्यूझीलंडमध्येही दोन मते. १९९३ साली लोकांनी सार्वमताने पद्धत बदलून घेतली, १९९६ पासून सुरू आहे. जर्मनीत तर कधीपासून.

"तिथं तरी सगळं सुरळीत आहे का?" अप्पांनी सावधपणे विचारले.

"तसं नाही," सर प्रामाणिक माणूस. "प्रमाण नेमकं बसवायला गेले. २०२५ च्या निवडणुकीत तेवीस मतदारसंघांत पहिला आलेला उमेदवार संसदेत जाऊच शकला नाही. पक्षाच्या वाट्यात बसेना."

"आणि तुमच्याकडं रे?" अप्पांनी वॉचमनला विचारले. "पंतप्रधान किती बदलले?"

"गिनती नहीं की, साब."

यंदापासून आमच्या पाणी समितीला दोन कागद आहेत. एकावर विंगेचा माणूस, असे तीन. दुसऱ्यावर सगळ्या सोसायटीतून पसंतीक्रमाने दोन. ब विंगेचा तो रुसलेला सभासद परत आला आहे. काकू दुसऱ्या कागदावरून पुन्हा निवडून आल्या. सभा दहा मिनिटांत उरकत नाही आणि तीन तासही चालत नाही; साधारण पाऊण तास भांडण होते. पद्धत सुचवणाऱ्या वॉचमनला मत नाही, कारण तो सभासद नाही. व्हॉल्व्हची चावी मात्र त्याच्याच खिशात असते, आणि काकूंची लाइन तो रोज पाच मिनिटे आधी सोडतो. हे कुठल्याच ठरावात नाही. अप्पांना ठाऊक आहे. ते तिकडे बघत नाहीत.

मी पुन्हा उभा राहिलो नाही. पण माणसाला जाणून घ्यावेसे वाटतेच. परवा सकाळी हिला विचारले, "समजा, पुढच्या वर्षी मी उभा राहिलो. पहिली पसंती?"

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "आधी नळ बंद करा. पिंप भरून वाहतंय."